टोपीला परवानगी असावी, चौकशी नसावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात स्त्रियांच्या केसगळतीवर एक लेख आला होता आणि त्याच पानाच्या तळाशी थोड्या दिवसांत टाळूवर नवे केस उगवतील, अशी हमी देणाऱ्या एका तेलाची भलीमोठी जाहिरात होती. लेखात ‘ताण घेऊ नका, समतोल आहार घ्या’ असा सल्ला होता. जाहिरातीत तर तेवढ्याही कष्टांची गरज ठेवलेली नव्हती. मी मूळची कुडाळ तालुक्यातली, कोकणातल्याच एका रुग्णालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी निवासी डॉक्टर आहे, आणि गेली दोन वर्षे माझी टाळू समोरच्याला दिसते. लेख आणि जाहिरात या दोहोंच्या मधली जी जागा मोकळी राहिली, तिच्याविषयी हे पत्र आहे. केस विरळ झालेल्या बाईने रोज शेकडो माणसांसमोर उभे राहून काम कसे करायचे, आणि तिच्या वरिष्ठांनी, सहकाऱ्यांनी, संस्थेने त्यात काय करायचे, याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

माझी सुरुवात तापाने झाली. निवासी डॉक्टर म्हणून पहिल्याच वर्षी ऐन गणपतीत मला डेंग्यू झाला, आठवडाभर सलाईन लावून पडून राहावे लागले, आणि नरकचतुर्दशीला घरी पहाटेच्या अभ्यंगस्नानाच्या वेळी न्हाणीच्या मोरीवर अडकलेला केसांचा पुंजका पाहून आईने हातातले उटणे खाली ठेवले. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले बहुतेक दोन ते सहा वर्षे वाढत राहतात आणि थोडे सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळून पडतात. रोज ५० ते १०० केस जाणे हे त्यामुळेच स्वाभाविक असते. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमारीचे डाएट यांसारखा धक्का बसला की वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. धक्का आणि गळती यांच्यात एवढे अंतर पडल्यामुळे दोघांची गाठ कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या भागात डेंग्यू आणि लेप्टो पावसाळ्यात होतात, केस मात्र दिवाळीच्या सुमारास जाऊ लागतात, आणि दोष बोअरवेलच्या पाण्याला नाहीतर नव्या शाम्पूला लागतो. आमच्याकडे येणाऱ्या बाळंतिणींचेही असेच होते. मूल तीन-चार महिन्यांचे झाले की केस गळू लागतात, आणि एका सासूबाईंनी मला अगदी गंभीरपणे सांगितले होते की, बाळ आईला ओळखू लागले की तिचे केस जायचेच. कारण चुकीचे असले तरी त्यांचा हिशेब बरोबर होता.

ही गळती बहुतेकींची सहा महिन्यांत थांबते आणि केस परत येतात. माझे आले नाहीत. तापाने फक्त आधीपासून हळूहळू चाललेली गोष्ट उघडी पाडली होती. स्त्रियांमध्ये केस विरळ होण्याचा जो सर्वांत नेहमीचा प्रकार आहे, त्यात कपाळावरची केसांची रेषा जागेवर राहते आणि मधला भांग रुंद होत जातो. मुळाशी केसाची कूप लहान होत जाते आणि तिच्यातून पूर्वीच्या जाड केसाऐवजी बारीक, आखूड लव उगवते. लुडविग या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७७ मध्ये याच्या तीन श्रेणी पाडल्या, त्यांतल्या दुसऱ्या श्रेणीत मी आहे. चाई वेगळी. तिच्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात. तिचे उपचारही वेगळे आहेत. हा फरक पत्रात सांगायचे कारण असे की, मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने, डॉक्टरांनीसुद्धा, न विचारता निदान केले होते: कोणी चाई म्हणाले, कोणी थायरॉइड, कोणी पीसीओडी (बीजांडकोशांचा विकार, ज्यात पुरुषी संप्रेरके वाढू शकतात), आणि ज्यांना काहीच सुचले नाही त्यांनी ‘टेन्शन’ म्हटले. वास्तविक या प्रकारच्या केसगळतीत बहुसंख्य स्त्रियांच्या रक्तातील पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण सामान्य असते, आणि माझेही तसेच आहे.

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या आजारात एक मोठी अडचण असते, ती म्हणजे उपचार फार हाताशी असतात. रुग्णाला आपण रांगेत उभे करतो, केसपेपर काढायला लावतो, तपासतो. आपल्यातल्या आजारी माणसाला मात्र जिन्यात, चहाच्या टपरीवर, फार तर ड्यूटी रूमच्या दारात सल्ला मिळतो. अशाच एका सल्ल्यावरून मी बायोटिन या जीवनसत्त्वाची दहा मिलिग्रॅमची गोळी रोज घेऊ लागले. महिन्याभराने थायरॉइडची तपासणी केली तर टीएसएच जवळजवळ शून्यावर आणि टी-फोर वर गेलेले, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जोरात चालल्याचे चित्र. छातीत धडधड होते का, वजन घटले का, असे प्रश्न मी स्वतःला विचारू लागले आणि रात्रपाळी करणाऱ्या कोणालाही द्यावी लागतील तशी उत्तरे साहजिकच ‘होय’ अशी आली. एका शहाण्या बायोकेमिस्ट ताईंनी फोनवर एवढेच विचारले की, केसांसाठी काही घेतेस का? रक्ततपासणीच्या काही पद्धतींमध्ये बायोटिनचाच वापर असतो, त्यामुळे रक्तात ते जास्त असले की अहवाल चुकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. गोळी बंद करून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिले आणि थायरॉइड ठणठणीत निघाले. शरीरात बायोटिनची खरी कमतरता क्वचितच आढळते, तरी औषधांच्या दुकानात ‘हेअर, स्किन, नेल्स’ अशा नावाच्या बाटल्यांची ओळ लावलेली असते आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली त्या घेतात.

लोहाचे तसे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तपांढरी असल्याचे आढळले, आणि पांढरा कोट घातला म्हणून कोणी त्या ५७ टक्क्यांतून बाहेर पडत नाही. शरीरातल्या लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो, परंतु ताप किंवा सूज असताना फेरिटिन फसवे वाढते, त्यामुळे आजारातून उठल्या उठल्या केलेली तपासणी निरुपयोगी ठरते. मी ती दोन महिन्यांनी केली आणि साठा तळाला गेल्याचे दिसले. गोळ्या घेतल्या, जेवणानंतर लगेच चहा पिणे सोडले, घरी गेले की आईला खुबे, तिसऱ्या असे शिंपले करायला सांगितले. लोह भरून आल्यावर थकवा गेला. भांग होता तेवढाच राहिला.

येथे ‘टेन्शन’विषयी थोडे लिहायला हवे. सलग तीस-छत्तीस तासांच्या ड्यूटीमुळेच माझे केस गेले, असा दावा मी करत नाही; तसे मला सिद्ध करता येणार नाही, आणि या प्रकारच्या केसगळतीत अनुवंशाचा वाटा मोठा असतो. माझ्या आत्याचा भांगही असाच होता आणि ती आयुष्यात एकदाही रात्रपाळीला गेली नव्हती. परंतु ड्यूटीमुळे उपचार बुडतात, हे मात्र मी सिद्ध करू शकते. त्वचारोग विभागाची ओपीडी ज्या वेळेत असते, त्याच वेळेत माझा राउंड आणि माझी ओपीडी असते. ज्या इमारतीत मी आठवड्याचे बहुतेक तास काढते, त्याच इमारतीत तीन मजले खाली बसणाऱ्या डॉक्टरांना केस दाखवायला मला सात महिने जमले नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेले, कारण तिथे मला कोणी ओळखत नव्हते आणि केसपेपरवरचे नाव वाचून खिडकीतला माणूस ‘मॅडम, तुम्ही?’ असे म्हणणार नव्हता. निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी सामान्यतः बारा तासांपेक्षा अधिक असू नये, हे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितलेले आहे, आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या २०२३ च्या नियमांतही कामाचे तास ‘वाजवी’ असावेत व विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा, असे लिहिले आहे. वाजवी म्हणजे किती, हे ठरवणारा माणूस बहुधा दुपारी घरी जेवायला जात असावा.

कोल्हापूरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, टाळू पाहिली, जाड आणि बारीक केसांची सरमिसळ मला पडद्यावर दाखवली आणि मिनॉक्सिडिल लिहून दिले. हे मूळचे उच्च रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, हा दुष्परिणाम लक्षात आला आणि त्यातून टाळूवर लावायचे औषध तयार झाले. (रक्तदाबाच्या औषधाचे असे दुसरे आयुष्य कोकणाला नवे नाही: महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरले, तेही मूळचे रक्तदाबाचेच औषध.) मिनॉक्सिडिलबद्दल मला बाईंनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्या पुरवणीतल्या लेखात असत्या तर शेकडो वाचक भगिनींचे पैसे वाचले असते. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, कारण विश्रांतीतले जुने केस नव्यांना जागा देतात. नेमक्या याच वेळी घाबरून बहुतेकजणी औषध सोडतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. औषध थांबवले की मिळालेला फायदाही काही महिन्यांत जातो. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना ते वापरायचे नसते, आणि त्याच्या जोडीला कधी कधी देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनच्या बाबतीत तर गर्भ राहणार नाही याची खबरदारीच घ्यावी लागते. ‘लग्नाचे काय ठरले आहे?’ हा प्रश्न मला गेल्या पाच वर्षांत अक्षरशः शेकडो वेळा विचारला गेला असेल. त्या बाईंनी विचारला तेव्हा पहिल्यांदाच तो योग्य कारणासाठी विचारलेला होता. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगते. हे औषध मांजरांना विषारी आहे. आमच्या वसतिगृहातली मांजर माझ्या उशीवर झोपायची, तिला खोलीबाहेर काढावे लागले आणि त्यावरून माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

औषधाने गळती बरीचशी थांबली आहे, भांग थोडा भरला आहे, परंतु पूर्ववत झालेला नाही आणि बहुधा होणारही नाही. म्हणजे उरलेला प्रश्न औषधाचा नाही. तो ज्याचा आहे, त्याच्याकडे आता वळते.

रुग्णालय ही टाळू लपवायला अत्यंत अवघड जागा आहे, हे तिथे काम करीपर्यंत मला माहीत नव्हते. डोक्यावर ट्यूबलाइट असतात. मी खुर्चीवर बसून केसपेपर लिहीत असते तेव्हा नातेवाईक माझ्या मागे उभे राहून खाली पाहतात. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी सहायक म्हणून वाकून उभे राहिले की वरचा मोठा दिवा नेमका माथ्यावर येतो, आणि निळी डिस्पोजेबल टोपी इतकी पातळ असते की तिच्यातून विरळ जागा झाकली जाण्याऐवजी अधिकच ठळक दिसते. मी राउंडला भिंतीला पाठ लावून उभी राहू लागले, आणि भिंतीशी उभा असणाऱ्याला रुग्णाच्या पोटावर हात ठेवायला मिळत नाही. माझ्या शिकण्याचे सहा-सात महिने असे भिंतीशी गेले, हे नुकसान कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

झाकण्याचे उपाय मी सगळे केले. केसांच्या रंगाची बारीक भुकटी मिळते, ती टाळूवर शिंपडली की लांबून केस दाट दिसतात. मे महिन्यात एका सिझेरियनच्या वेळी घामाबरोबर ती कपाळावरून ओघळली आणि मास्कच्या कडेला काळी रेघ उमटली. भूलतज्ज्ञ सरांनी काही न बोलता गॉजचा तुकडा पुढे केला, त्यांचे मी आजही उपकार मानते. ती भुकटी शस्त्रक्रियेच्या जागी पडण्याच्या नुसत्या शक्यतेनेच मी त्या दिवसापासून ती बंद केली. विग घेतला, तो मावसबहिणीच्या लग्नात घातला; किनाऱ्यावरच्या दमट हवेत बारा तास तो डोक्यावर ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने ठेवला असेल त्यालाच कळेल. घट्ट अंबाडा घालून विरळ जागा झाकता येते, पण सततच्या ओढीने कडेचेही केस जातात, म्हणून तोही सोडला. शेवटी केस खांद्यापर्यंत कापले आणि बाजारपेठेतल्या शिंपीकाकांकडून गडद हिरव्या सुती कापडाच्या सहा टोप्या शिवून घेतल्या: आत मऊ अस्तर, इलॅस्टिकऐवजी मागे बांधायची नाडी, कपाळापासून मानेपर्यंत येणाऱ्या. रुग्णालयाच्या धोबीघरात त्या ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) कपड्यांबरोबर धुऊन येतात. ज्या दिवशी पहिल्यांदा टोपी घालून राउंडला गेले, त्या दिवशी मी भिंत सोडून पुढे उभी राहिले.

आणि त्याच आठवड्यात मला टोपी काढायला सांगण्यात आले. ओटीची टोपी ओटीतच घालायची, वॉर्डात ती बेशिस्त दिसते, असे कारण देण्यात आले. कारण सांगितलेत तर परवानगी मिळेल, असेही सांगण्यात आले. म्हणजे कारण चारचौघांत सांगायचे. मी सांगितले. त्यानंतर प्रमाणपत्र मागण्यात आले. ते दिले. पुढच्या महिन्यात युनिट बदलले आणि हे सगळे पुन्हा पहिल्यापासून झाले. मी कोणाचे किंवा कोणत्या संस्थेचे नाव घेत नाही, कारण ही एका माणसाची दुष्टाई नाही. वेशभूषेच्या नियमांत एप्रनची लांबी, नखे, चपला, दागिने यांची दखल घेतलेली असते. डोके झाकावे लागणाऱ्या डॉक्टरची कल्पना नियम लिहिताना कोणाच्या मनात आलेली नसते, एवढेच. केमोथेरपी घेऊन कामावर परतलेली परिचारिका असो, चाईचा विद्यार्थी असो की माझ्यासारखी, प्रत्येकाला आपली कहाणी नव्याने सांगावी लागते.

याहून एक प्रसंग मला अधिक लागला. पदवीच्या विद्यार्थ्यांचा पीसीओडीवर वर्ग चालू होता. केसांवरील परिणाम शिकवताना एका शिक्षकांनी ‘लांब कशाला जायचे, आपल्या मॅडमकडेच बघा’ असे म्हणून मला मान खाली करायला सांगितली आणि माझ्या भांगावर पेन टेकवून श्रेणी विचारली. वीस-बावीस मुले होती. त्यांतल्या एकीने बरोबर उत्तर दिले. मी मान का वाकवली, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. नकार द्यायला दोन सेकंद पुरे होते, पण ज्यांच्या सहीवर माझी परीक्षा अवलंबून आहे त्यांना दोन सेकंदांत नकार देण्याची सवय आमच्या शिक्षणात कोणी लावत नाही. रुग्णाला तपासण्यापूर्वी विचारावे, पडदा ओढावा, सोबत स्त्री कर्मचारी असावी, हे आम्ही पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगपासून घोकतो. तो पडदा आमच्यासाठीही ओढायचा असतो, हे कुठल्या वर्गात शिकवतात ते मला आढळलेले नाही. त्या शिक्षकांना मला पीसीओडी नाही हेही माहीत नव्हते. म्हणजे विद्यार्थ्यांना उदाहरणसुद्धा चुकीचे मिळाले.

रुग्णांचे वागणे मला त्यामानाने सोपे जाते, कारण ते उघड असते. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याला माझ्यापेक्षा मोठे टक्कल आहे. त्याला रुग्ण ‘मोठे डॉक्टर’ म्हणतात आणि मला सिस्टर. अंग (गर्भाशय) बाहेर येण्याच्या तक्रारीसाठी दाखल झालेल्या देवगडकडच्या एका ऐंशीच्या आजीने तर पहिल्याच दिवशी विचारले, ‘गो बाय, ह्या वयात डोक्यार फडको कित्याक बांधलंस?’ मी केस गेल्याचे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘माझ्या आज्येचे केस न्हाव्यान काढले हुते, घोव मेलो म्हणान.’ आम्हा दोघींच्या मधल्या खाटेच्या कठड्यावर तिने माझा हात धरून ठेवला होता.

केस नसलेल्या बाईकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तिच्यात ती आजीची आजी अजून आहे. विधवांचे केशवपन करणार नाही, असे मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवले ते १८९० मध्ये. आमच्याच दापोलीजवळच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. ती रूढी गेली, परंतु बाईच्या डोक्यावरचे केस ही तिची स्वतःची बाब नसून घराची, नशिबाची, शकुनाची बाब आहे, ही समजूत पुरती गेली नाही. फाल्गुन-चैत्रात आसोली गावची सुरंगीची फुले बाजारात आली की आई दरवर्षी माझ्यासाठी केसांत माळायचा वळेसर आणायची. यंदा तिने तो आणला आणि माझ्याकडे न पाहता देवांच्या फोटोला घातला. स्थळांविषयी मी लिहीत नाही. ज्यांच्या घरी मुलगी आहे त्या वाचकांना ते लिहून दाखवण्याची गरज नाही.

आपल्या वृत्तपत्र व्यवसायाबद्दलही एक तक्रार नोंदवते. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा बातम्यांतून त्याला ‘टक्कल व्हायरस’ असे नाव मिळाले. तपासणीसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गेले, पाण्याची चर्चा झाली, आणि मी वर उल्लेख केलेल्या डॉ. बावस्करांनी गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. विषाणूचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. त्या दिवसांत माझ्या ओपीडीतल्या एका बाईंनी मी लिहिलेला केसपेपर दोन बोटांच्या चिमटीत धरून नेला होता.

तेलाच्या जाहिरातींचे तर स्पष्टच सांगते. आपल्या देशाच्या औषध नियमांना ‘जे’ नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. ज्या विकारांपासून मुक्ती मिळवून देण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, त्यांची ती यादी आहे, आणि तिच्यात टकलाचा समावेश आहे. म्हणूनच असली तेले औषध म्हणून न येता सौंदर्यप्रसाधनाच्या नावाखाली येतात, आणि दावा मात्र औषधाचा करतात. जास्वंद, माका, ब्राह्मी घालून खोबरेल तेल माझी आईही कढवते, ते मी आनंदाने लावते. त्याने केस मऊ राहतात, कमी तुटतात. लहान झालेली कूप त्याने मोठी होत नाही, आणि आईनेही कधी तसे म्हटलेले नाही. आपल्या जाहिरात विभागाने निदान माझ्या आईएवढा संयम पाळावा.

महाविद्यालये आणि रुग्णालये चालवणाऱ्यांकडे माझे मागणे फार मोठे नाही, त्याला पैसाही लागत नाही. गेल्या काही वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. त्यांच्या परंपरा अजून घडत आहेत, तेव्हा ही गोष्ट तिथे सहज रुजू शकेल. वेशभूषेच्या नियमात एक वाक्य घालावे: वॉर्ड, ओपीडी आणि परीक्षा या सर्व ठिकाणी स्वच्छ, टोके आत खोचलेली टोपी किंवा रुमाल कोणीही, कारण न सांगता, वापरू शकेल. ‘कारण न सांगता’ हे शब्द वगळले तर बाकीच्या वाक्याचा काही उपयोग नाही. जंतुसंसर्गाची शंका कोणी घेईल, तर ओटीत सर्वांनी डोके झाकायचे हाच मुळी जंतुसंसर्ग टाळण्याचा नियम आहे. रोज धुतलेल्या सुती टोपीने वॉर्डात जो धोका होईल असे वाटते, तो आठवडाभर न धुतलेल्या एप्रनने कितीतरी अधिक होतो, आणि तसे एप्रन आम्ही सगळेच घालतो. प्रशिक्षणार्थीच्या शरीरावर तिची पूर्वसंमती न घेता काहीही दाखवून शिकवू नये, हे लेखी असावे. आणि महिन्यातून अर्धा दिवस स्वतःच्या उपचारासाठी मिळावा, मग तो दातांचा असो, मनाचा असो की केसांचा, आणि तो कशासाठी घेतला हे हजेरीपटावर लिहावे लागू नये.

पत्राखाली माझे नाव छापू नये, अशी विनंती आहे. केस लपवायचे आहेत म्हणून ही विनंती नाही. ते रोज सगळे पाहतात, आणि आमच्या तालुक्यात हे पत्र वाचून मी कोण हे ओळखायला कोणाला पाच मिनिटे लागणार नाहीत. माझी अंतिम परीक्षा अद्याप व्हायची आहे, परीक्षकांपैकी कोणी आपल्या दैनिकाचे वाचक असू शकतात, आणि त्या दिवशी टोपी घालून बसायचे मी ठरवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवासी डॉक्टर
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग